मेनियात पेशीच्या आत नेमकं काय होतं? आईला सांगायचं आहे

रामबागची_ताई
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, माहेर रामबागेत. धाकट्या भावाला, वय २६, गेल्या वर्षी बायपोलरचं निदान झालं, म्हणजे मूड कधी फार चढतो (तो मेनिया), कधी फार उतरतो.

अनंत चतुर्दशीच्या आधी तो एका गिरणीच्या झांकीच्या (मिरवणुकीतल्या चित्ररथाच्या) कामाला जात होता. वेल्डिंग, लाइटिंग, मोटारी, सगळं येतं त्याला. चार रात्री झोपला नाही. झांकीच्या दिवसांत कोण झोपतं, असं आम्ही म्हणालो. पण मिरवणूक संपली तरी तो झोपेना, आणि थकेचना. पाचव्या रात्री दीड वाजता सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, ओळखीच्या माणसाचा फोन आला. अनोळखी चाळीसेक लोकांना हा खोपरा पॅटिस खाऊ घालत होता, मंडळाच्या वर्गणीच्या पैशांतून, आणि भाषण करत होता.

आमच्याकडे किराण्याची वही आहे. त्या आठवड्यात त्याने तिच्यात आपल्या योजना लिहिल्यात. पहिल्या पानावर अक्षर मुंगीएवढं, समासातसुद्धा लिहिलेलं. पाने उलटत जावं तसं अक्षर वाढत जातं. शेवटच्या पानावर तीनच शब्द आहेत आणि पेनाने कागद फाटलाय.

आता लिथियमच्या गोळ्यांवर आहे, बरा आहे. आई मात्र रोज विचारते, "माझं काय चुकलं? लाड जास्त झाले का?" डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं केमिकल बिघडलंय. आईने मला विचारलं, कुठलं केमिकल? मला सांगता आलं नाही. कोणी सांगेल का? सोपं करून सांगा, पण खोटं नको.

माळवी_मिरची
ताई, झांकीच्या रात्री अख्खं इंदूर जागं असतं, त्यात एकाची झोप उडालीय हे कोणाला कळणार? स्वतःला दोष देऊ नका. जाणकार येतीलच, मी ऐकायला बसले आहे.

पेशीवाला
ताई, मी मेंदूतल्या पेशींवर काम केलं आहे, आता शिकवतो. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाबद्दल माझं ऐकू नका. पेशीबद्दल ऐका.

"केमिकल बिघडलं" हे पूर्ण खोटं नाही, पण फार मोघम आहे. घरात पाणी येत नाही आणि प्लंबर म्हणतो, "पाण्याचा प्रॉब्लेम आहे." तसं ते.

मेंदूतली पेशी म्हणजे विजेने काम करणारी पिशवी. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक टिकवायला पेशीच्या आवरणात पंप असतात. प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, आणि त्यातला मोठा वाटा या पंपांचा. पंप मंदावला की पेशीतला फरक कमी होतो आणि ती जरा धक्का लागला की पेटते. उंदरांच्या मेंदूत हा पंप अडवणारं औबेन नावाचं द्रव्य सोडलं की ते सैरभैर पळत सुटतात, आणि आधी लिथियम दिलेलं असेल तर तेवढे पळत नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण दिशा कळते.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या एका दाराचा जीन आहे, नाव सीएसीएनए-वन-सी. बायपोलर असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांची तुलना केली तेव्हा जी नावं पुन्हा पुन्हा वर आली त्यात हे आहे. कॅल्शियम हा पेशीतला निरोप्या. तो वेळी-अवेळी दार ठोठावू लागला तर पेशीला विश्रांती नाही.

आणि सगळ्यात थेट पाहिलेली गोष्ट २०१५ सालची, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटची. रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेतल्या, त्यांना मागे नेऊन मूळपेशी, म्हणजे जिच्यापासून दुसरी कुठलीही पेशी घडवता येते अशी पेशी, केलं (ही युक्ती जपानच्या शिन्या यामानाका यांची, २०१२ चं नोबेल तिच्यासाठीच), आणि त्यांच्यापासून प्रयोगशाळेतल्या बशीत मेंदूच्या पेशी वाढवल्या. त्या बशीतल्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त पेटत होत्या. तिथे ना आई होती, ना लाड, ना झांकी. मग लिथियम घातलं. ज्या रुग्णांना लिथियम लागू पडलं होतं, त्यांच्याच पेशी शांत झाल्या. ज्यांना लागू पडलं नव्हतं, त्यांच्या झाल्या नाहीत.

आईंना हे एवढं सांगितलंत तरी पुरे.

प्रश्नचिन्ह
वाचायला छान वाटतं. पण दोष पेशीत आहे तर रक्ताची एक तपासणी का नाही? साखर मोजतात तसा मेनिया मोजून दाखवा. पूर्वी सगळं सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनावर ढकलत होते, आता पंप आणि कॅल्शियम. उद्या आणखी काही. गोळी मात्र तीच.

पेशीवाला
रास्त प्रश्न. २०२१ साली चाळीस हजारांहून जास्त रुग्णांचे जीन तपासले, तेव्हा ६४ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. एक खराब जीन आणि झाला आजार, असं इथे नाही. चिमटी-चिमटीने मीठ पडत गेलं आणि भाजी खारट झाली. कोणती चिमूट जास्त झाली हे त्यातून काढता येत नाही, म्हणून तपासणी नाही. जुळी भावंडं अगदी एकसारखी असली तरी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही.

बंगळुरूला निम्हान्स (मानसिक आरोग्याची संस्था) आणि एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधन संस्था) मिळून, एकाच घरात अनेकांना मानसिक आजार आहे अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास करताहेत, आणि त्यांच्या रक्तातून मूळपेशी बनवताहेत. कामं आपल्याकडेही चालू आहेत.

रात्रपाळी
मी मनोविकार वॉर्डात नर्स आहे, शहर सांगत नाही. प्रश्नचिन्ह यांना एकच सांगते: तपासणी नाही म्हणून आजार नाही, असं नसतं. अर्धशिशी कुठल्या रक्तात दिसते? मेनियाचं निदान वागण्याच्या इतिहासावर होतं. आठवडाभर किंवा जास्त टिकलेला चढलेला किंवा चिडका मूड, झोपेची गरजच न वाटणं, बोलण्याचा लोंढा, पैसे उधळणं. ताईंच्या वहीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे नातेवाईक अशाच वह्या घेऊन येतात. ती वही जपून ठेवा ताई, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. घरात कोणाला पूर्वी असा चढ येऊन गेला असेल आणि आता उदास वाटतं म्हणून डॉक्टरकडे जाणार असाल, तर चढाचं आधी सांगा. नुसती उदासीची गोळी सुरू केली तर काहींमध्ये ती मेनियात ढकलते. लोक सांगतच नाहीत, कारण चढ हा त्यांना आजार वाटत नाही, "तेव्हा मी किती छान होतो" असं वाटतं.

वैद्य_ग्वाल्हेरकर
जरा जुनी गोष्ट. आपल्या जंगलात सर्पगंधा मिळते. उन्माद आणि रक्तदाबावर तिची मुळी द्यायचे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली डॉक्टरांनी तिच्यावर लेख छापला. १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि ते जगभर गेलं. पेशीच्या भाषेत: डोपामाइन, नॉरअॅड्रेनलिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी द्रव्यं ज्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात, त्या भरणारा पंपच रेसर्पिन अडवतं. साठा रिकामा, म्हणून उन्माद उतरतो.

पण हेही सांगतो की काहींना ते घेऊन गाढ उदासी येत असे. "उदासी म्हणजे या द्रव्यांची कमतरता" हा विचार पुढे आला त्यात रेसर्पिनच्या अनुभवाचा हात आहे. प्रश्नचिन्ह ज्या केमिकलच्या गोष्टीला हसतात तिचं एक मूळ आपल्याच जंगलात आहे. आणि वैद्य असूनच सांगतो, ही मुळी आज घरी उगाळून कोणी देऊ नये. लिथियमबरोबर तर मुळीच नाही.

माळवी_मिरची
वैद्यबुवा, ग्वाल्हेरला गाण्याचं घराणं, आता मुळीचंही घराणं :) पण लिथियमवर कोणीच बोलेना. ते मोबाइलच्या बॅटरीतलंच ना? आणि ऐकलंय की सेव्हन-अपमध्ये होतं?

बडोदेकर_काका
मिरचीताई, खरं आहे. १९२९ साली सेव्हन-अप निघालं तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होतं, पुढे काढून टाकलं. आणि मूलद्रव्य बॅटरीतलंच, आवर्त सारणीत तिसरं. औषधात कार्बोनेट असतं. मी बडोद्याला औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत ३१ वर्षं काढली, अशा पांढऱ्या पावडरी तोलण्यात हयात गेली.

शोध लागला तो ऑस्ट्रेलियात. जॉन केड नावाचे डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे कैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका साध्या इस्पितळात, बाजूच्या खोलीत गिनीपिगवर प्रयोग करायचे. लिथियमचा क्षार टोचला तर गिनीपिग सुस्त झाले. आधी स्वतः घेऊन पाहिला, मग दहा मेनियाच्या रुग्णांना दिला आणि १९४९ साली लेख छापला. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षं सतत मेनियात होता, तो घरी गेला, कामाला लागला. पण पुढच्या वर्षी तोच माणूस लिथियमच्या विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातली पातळी मोजायची सोय नव्हती.

म्हणून हे लक्षात घ्या. रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या (मिलिमोल प्रति लिटर) मध्ये ठेवतात, १.५ च्या वर गेलं की धोका. सुईच्या टोकावर तोल आहे. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम सारखेच वाटतात. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही.

आमच्या घरातली गोष्ट. पुतणीला लिथियम चालू होतं. आषाढात बडोद्यात मुली अलूणा करतात, गौरीव्रत, पाच दिवस बिनमिठाचं जेवण. मैत्रिणींबरोबर तिनेही केलं, घरात कोणी हटकलं नाही, व्रतच तर आहे. चौथ्या दिवशी उलट्या. पाचव्या दिवशी जिना उतरताना भिंत धरू लागली, हात इतके थरथरत होते की चमच्यातला दूधभात सांडत होता. पातळी १.९ निघाली. दवाखान्यात सलाइनवर चार दिवस. वाचली.

तेव्हा ताई, मीठ एकदम कमी नको, एकदम जास्तही नको. मे महिन्यात पाणी भरपूर. अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, त्यानेही पातळी चढते. तपासणीला रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. थायरॉईड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) ठरल्या वेळी.

रामबागची_ताई
काका, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला. भाऊ चतुर्थीचा उपवास करतो आणि दिवसभर पाणीसुद्धा कमी पितो. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद हा शब्द फार छोटा आहे.

त्याचा हात थोडा थरथरतो. चहाचा कप बशीत वाजतो, बारीक किणकिण. हे पण तेच का?

रात्रपाळी
बारीक थरथर पुष्कळांना असते, पातळी ठीक असतानाही. पण ती वाढली, तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब झाले, बोलणं जड झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. किणकिण डॉक्टरांच्या कानावर घालाच.

संथ_पाणी
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मला स्वतःला बायपोलर आहे, ११ वर्षं झाली. इंदूरचाच.

पेशीवाला, तुम्ही मनापासून लिहिता हे दिसतं. पण "बशीतल्या पेशीत आजार आहे" हे वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट. बरं यासाठी, की माझा दोष नाही. वाईट यासाठी, की मग मी काय नुसता बिघडलेला पंप? पहिला मेनिया आला तेव्हा नोकरी सुटली होती, वडील गेले होते, मी तीन रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून काढल्या होत्या. ते सगळं कुठे गेलं? घरच्यांनी "तुझ्या पेशीच तशा" म्हणून माझं ऐकणंच बंद केलं. रागावलो तरी "गोळी घेतलीस का?" हसलो तरी तेच.

ताई, आईंना पेशीचं सांगा, पण भाऊ काय बोलतो ते ऐकणं सोडू नका.

पेशीवाला
संथ_पाणी, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लिहिण्यात ती जागा रिकामी राहिली. ती भरतो, कारण पेशीच्या बाजूनेही तुमच्या तीन रात्रींना जागा आहे.

प्रत्येक पेशीत घड्याळ असतं. काही प्रोटीन हळूहळू साठतात, स्वतःच स्वतःचं उत्पादन थांबवतात, मग विरघळतात, की पुन्हा सुरू. एक फेरी साधारण चोवीस तासांची. ही यंत्रणा उलगडली म्हणून २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा ठिपका आहे, तो या सगळ्या घड्याळांना उजेड-अंधारावर लावतो. २००७ साली एक प्रयोग झाला. ज्यांच्यात ‘क्लॉक’ नावाचा घड्याळाचा एक जीन बिघडलेला आहे असे उंदीर कमी झोपत, जास्त पळत, धोका पत्करत. लिथियमने त्यांचं वागणं बरंच ताळ्यावर आलं.

आता जोड पाहा. पेशीत जीएसके-३ नावाचं एक एन्झाइम आहे. ते घड्याळाच्या प्रोटीनांवर शिक्के मारतं. लिथियम या एन्झाइमला आवरतं, हे १९९६ साली दाखवलं गेलं. लिथियमचा आयन आकाराने मॅग्नेशियमसारखा, त्यामुळे जिथे मॅग्नेशियम बसायचं तिथे तो जाऊन बसतो.

म्हणजे बाकावरच्या त्या रात्री, किंवा झांकीच्या चार रात्री, हे "मनाचं" आणि पंप हे "शरीराचं" असे दोन खाते नाहीत. वडील जाणं, जागरण, हे सगळं त्याच पेशीपर्यंत पोचतं. आधीच चटकन पेटणारी पेशी, आणि वर घड्याळ ढासळलेलं. तुम्ही पंप नाही. त्या तीन रात्री कोणावरही जड गेल्या असत्या, तुमच्या पेशींवर जास्त जड गेल्या.

संथ_पाणी
हे मला कोणी ११ वर्षांत सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं.

माझा अनुभव: मूड नंतर बदलतो, झोप आधी. साडेचार तासांवर आली आणि सकाळी तरीही ताजंतवानं वाटलं, की मी डॉक्टरांना फोन करतो. ताजंतवानं वाटणं हीच धोक्याची खूण, हे पटायला मला दोन वेळा दाखल व्हावं लागलं.

प्रश्नचिन्ह
मागे घेतो, अर्धं. मेनिया पेशीपर्यंत जातो हे पटलं. पण एक शंका. लिथियम सगळ्याच पेशींना आवरत असेल तर माणूस दगड का होत नाही? फक्त चढलेल्या पेशीच का शांत होतात?

पेशीवाला
याचं एक सुंदर उत्तर मायकेल बेरिज यांनी १९८९ साली मांडलं. ते अजून गृहीतकच आहे, पण मला आवडतं.

रात्री सराफ्यात गरम दुकानासमोर उभे राहा. प्लेटा मोजक्या. खाल्लं, प्लेट टबात, धुतली, पुन्हा गल्ल्याशी. पेशीतही निरोप पोचवायला इनोसिटॉल नावाचा रेणू असाच फिरतो. वापरला, सुटा झाला, पुन्हा वापरला. सुटा करणाऱ्या एन्झाइमला लिथियम अडवतं, म्हणजे प्लेटा धुणाऱ्याचा हात धरतं. आणि गंमत अशी की तो हातात प्लेट असतानाच धरता येतो. मोकळा बसला असेल तर नाही. ज्या दुकानावर गर्दी नाही तिथे प्लेट धुवायला थोडा उशीर झाला तर कोणाला कळतसुद्धा नाही. ज्या दुकानावर झुंबड आहे तिथे प्लेटा पटकन संपतात आणि गर्दी आपोआप ओसरते.

माळवी_मिरची
भिया, हे वाचून आता सराफ्यात प्लेट हातात घेतली की इनोसिटॉलच आठवणार!

बडोदेकर_काका
फार नेमकं. कारखान्यात असताना हे कोणी असं सांगितलं असतं तर त्या पावडरीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

रामबागची_ताई
परत आले. तीन दिवस लिहिता आलं नाही.

आईला सांगितलं. पंप तिला फारसा कळला नाही, प्लेटा लगेच कळल्या. बशीतल्या पेशींचं सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "त्या बशीत आई नव्हती ना?" मी म्हटलं, नव्हती. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ नळ सोडून उभी होती.

भावाने हा धागा वाचला. संथ_पाणी, तुमचा पहिला प्रतिसाद त्याने मोठ्याने वाचून दाखवला, बाबांना. काही म्हणाला नाही, पण वाचून दाखवला.

काल रात्री त्याने स्वतः विषय काढला की यंदाही झांकीच्या मोटारी त्यालाच बसवायच्या आहेत. मी घाबरले. आई घाबरली नाही. म्हणाली, "दिवसा बसव. संध्याकाळी सहाला किल्ली दुसऱ्याच्या हातात, आणि दहाला तू गादीवर." तो म्हणाला, मिरवणुकीच्या रात्री पण? आई म्हणाली, त्या रात्री तर नक्की. थोडा वेळ गप्प बसला आणि कबूल झाला. डॉक्टरांनाही विचारलंय, ते म्हणाले काम करू दे, जागरण नको. परवाच्या तपासणीत पातळी ०.८ आली आहे.

संथ_पाणी
त्याला सांगा, त्या रात्री मीही दहालाच झोपणार आहे. झोपायच्या आधी एक मेसेज टाकेन.

माळवी_मिरची
मग ठरलं. मी रात्री जेल रोडवरून झांकीचा पूर्ण व्हिडिओ काढते आणि सकाळी पोहे-जिलेबी घेऊन रामबागेत येते, त्याच्या मोटारी कशा फिरल्या ते दाखवायला. ताई, पोह्यांवर काही पथ्य?

रामबागची_ताई
ये ये. सेव भरपूर, मीठ नेहमीएवढंच.